सुतकातला सिनेमा

आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम वेळेवर सुरू झाल्याचं मला आठवत नाही, पण रद्द मात्र तो झटक्यात होतो. ग्रुपवर एक मेसेज पडतो, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि विषय संपतो. ऑकलंडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मी याचा त्रागा करणं सोडून दिलं होतं. पावसाने कोजागरी रद्द झाली तर घरी दूध आटवायचं आणि गप्प बसायचं. पण उन्हाळा सरतानाचा तो एक शनिवार मला अजून गिळता आलेला नाही. त्या शनिवारी माझ्या मैत्रिणीचा सिनेमा दाखवायचा होता.

ही मैत्रीण मूळची झांबियाची. ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात आमच्याच रस्त्यावर राहते, आणि मी ज्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे तिथेच वॉर्डात नर्स आहे. आमची ओळख फोनवरच्या भांडणातून झाली. तिच्या पेशंटचं औषध वर पोचलं नव्हतं आणि तिने मला चांगलंच फैलावर घेतलं. चूक आमच्याच खात्याची, त्यामुळे मला आवाजही चढवता येईना. दुसऱ्या दिवशी ती खाली आली आणि फार्मसीच्या खिडकीत उभी राहून म्हणाली, "काल ओरडले ती मीच. दुपारी जेवायला कुठे बसतेस?" अशी माणसं मला आवडतात.

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी ती मनुरेवातला एक कम्युनिटी हॉल भाड्याने घ्यायची, खिडक्यांवर काळी कापडं लावायची आणि कृष्णवर्णीय बायकांनी केलेले सिनेमे दाखवायची. बड्या कंपन्यांचे नव्हेत. कुणी नोकरी सांभाळून, कुणी दागिने मोडून, कुणी भावाला कॅमेरा धरायला लावून केलेले. असे सिनेमे दोन-चार छोट्या महोत्सवांत फिरतात, टाळ्या मिळवतात आणि मग दिग्दर्शिकेच्या कपाटात पडून राहतात. ही त्या बायकांना हुडकून काढायची. नैरोबी, लागोस, लंडन, ब्राझीलमधलं कुठलंसं गाव. सुटीच्या दिवशी बसून त्यांना मेल लिहायची, की तुमचा सिनेमा पृथ्वीच्या या टोकाला दाखवू का? बहुतेक जणी लगेच हो म्हणत. काही जणी तर सिनेमा संपल्यावर व्हिडिओ कॉलवर पडद्यावर येत. झोपेतून उठलेल्या, डोक्याला रुमाल, मागे स्वयंपाकघरातली भांडी दिसतायत, आणि आमच्या प्रश्नांना मनापासून उत्तरं देतायत. ऐकायला कधी अर्धा हॉल असायचा, कधी पहिली रांगसुद्धा भरलेली नसायची.

तिची एक पद्धत होती. दिवे मालवण्याआधी ती दिग्दर्शिकेचं नाव मोठ्याने सांगायची आणि सगळ्या हॉलकडून म्हणून घ्यायची. नीट जमेपर्यंत, शाळेत पाढे म्हणवून घेतात तसं. "थिएटरात आमच्या बायका दिसतात," ती म्हणायची, "पण त्यांना पडद्यावर आणणाऱ्या बाईचं नाव कुणी घेत नाही. इथे ते घेतल्याशिवाय सिनेमा सुरू होणार नाही." पहिल्यांदा मी लाजले, ओठ नुसते हलवले. पुढे पुढे माझाच आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

मी काही सिनेमाची जाणकार नव्हे. पहिल्या सिनेमात एक बाई पाण्याच्या टँकरची वाट बघत बसते आणि टँकर येतच नाही. मला झोप लागली. पुढच्या खेपेला एक सफाई करणारी बाई रिकाम्या ऑफिसात साहेबाच्या खुर्चीवर बसून दूरदेशीच्या मुलीशी फोनवर बोलते, तिला खोटंच सांगते की मी आता टेबलावरचं काम करते. त्याला मी इतकी रडले की शेजारच्या अनोळखी सामोअन बाईंनी स्वतःचा टॉवेल माझ्या हातात दिला. तेव्हापासून मी शनिवार चुकवला नाही.

मंडळातल्या बायकांनाही मी बोलवायची. "अगं, त्या आफ्रिकन लोकांच्या पिक्चरमधलं आपल्याला काय कळणार?" हे उत्तर ठरलेलं. गोऱ्यांचं सगळं कळतं, तिथे कुणाचं कधी अडलं नाही. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द पहिला लिहिणाऱ्या समाजात मी वाढले, त्यामुळे हे उत्तर कुठून येतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मैत्रिणीलाही ठाऊक होतं. एकदा सँडरिंगहॅमच्या एका भारतीय दुकानात आम्ही दोघी डाळी घेत होतो, तर तिथला माणूस तिच्या मागे मागे फिरत राहिला. माझ्या मागे नाही. तिने हातातली तूरडाळ फळीवर परत ठेवली आणि गाडीत जाऊन बसली.

माझे बाबा गेले तेव्हा कोविडमुळे देशाच्या सीमा बंद होत्या. आत सगळं सुरळीत, पण बाहेर पडलं तर परत कधी येता येईल याचा नेम नाही. बाबांना मी फोनवर बघत निरोप दिला. मंडळातल्या बायका फार चांगल्या वागल्या. रोज कुणीतरी डबा आणून दाराशी ठेवायचं, बेल वाजवायचं, आणि मी दार उघडेपर्यंत गाडी कोपऱ्यावर वळलेली असायची. मग मेसेज यायचा, "तुला आत्ता स्पेस हवी असेल, नंतर येते." आपलं सुतक आणि इथली प्रायव्हसी एकत्र आली की माणूस पार एकटा पडतो.

तेव्हा ही आली. ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्मवरच. बूट काढले, बैठकीच्या खोलीत जमिनीवर चादर पसरली आणि बसली. संध्याकाळ झाली, जेवणं झाली, तरी उठेना. नवऱ्याने स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं, "ही जाणार कधी?" ती गेलीच नाही, तिथेच राहिली. त्यांच्याकडे मृत्यू झालेल्या घरी बायका येतात आणि जमिनीवर पथारी टाकून मुक्काम करतात. येणाऱ्याने गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं असतं, घरच्यांना बोलतं करायचं असतं. न येणं हा तिथे अपमान. तिने मला एवढंच विचारलं, "तुझ्या बाबांना जेवताना काय लागायचं?" बाबांना ताकात मिरची चुरडून लागायची. ते सांगता सांगता मी बाबा गेल्यावर पहिल्यांदा रडले.

पुढे सीमा उघडल्या आणि एका उन्हाळ्यात आम्हा दोघींच्या आया एकदमच आल्या, व्हिजिटर व्हिसावर. माझी आई पुण्याची, निवृत्त शिक्षिका, 'इंग्रजी कळतं पण बोलत नाही' या गटातली. तिची आई उंच, सावकाश चालणारी, हसताना तोंडावर हात न घेणारी. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला गेलेली माझी आई एक दिवस दुपार टळून गेल्यावर उगवली, बरोबर या बाई. दोघी बागेतल्या बाकावर बसल्या होत्या म्हणे. काय बोलल्या देव जाणे. मग मंडळातल्या आणखी काही जणींच्या आया-सासवा त्यांना मिळाल्या. लेकीसुना कामावर जाताना त्यांना आमच्याकडे सोडून जायच्या, संध्याकाळी न्यायला यायच्या आणि तिच्या आईने काही ना काही खाऊ घातल्याशिवाय सुटायच्या नाहीत. माझी आई तिला 'विहीणबाई' म्हणायची. तिने तो शब्द उचलला आणि लहानथोर सगळ्याच मराठी बायकांना विहीणबाई म्हणू लागली.

एकदा आईने पालकाच्या भाजीत दाण्याचं कूट घातलेलं तिच्या आईने पाहिलं. उठली, थेट पळीनेच थोडं तळहातावर घेऊन चाखलं आणि हसत सुटली. त्यांच्याकडेही पालेभाजीत दाण्याचं कूटच घालतात. ही युक्ती फक्त आपल्याच बायकांना ठाऊक, असं दोघींनाही जन्मभर वाटत आलं होतं. त्या दिवशी माझा खलबत्ता त्यांच्या घरी गेला तो उन्हाळा संपेपर्यंत परत आला नाही.

मैत्रीण हे सगळं छोट्या कॅमेऱ्यात टिपत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे दाखवले, हा तिचा स्वतःचा पहिला. आया आपापल्या देशी परतल्यावर तिने सुट्यांमध्ये बसून तो जोडला. अर्ध्या तासाचा सिनेमा, एकमेकींची भाषा न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मैत्रीचा. कृष्णवर्णीय दिग्दर्शिकांच्या एका परदेशी महोत्सवाला तिने तो पाठवलाही, पण पहिला खेळ तिला इथेच हवा होता. "आधी माझ्या आईला ओळखणारे लोक बघतील," ती म्हणाली. आणि या देशात तिच्या आईला ओळखणारे म्हणजे चर्चमधल्या चार-दोन बायका आणि आमचं मंडळ.

आपल्या आया-सासवा पडद्यावर दिसणार म्हटल्यावर मंडळात उत्साहाला उधाण आलं. आफ्रिकन पिक्चर आता सगळ्यांना कळणार होता. समोशांची ऑर्डर गेली, रांगोळी कोण काढणार यावर दोघींचा रुसवा झाला, दिग्दर्शिकेला शाल आणि श्रीफळ देण्याचं ठरलं. चेष्टा सोडा, मलाही मनातून फार आनंद झाला होता.

त्याच आठवड्यात झांबियातल्या लुसाकाहून फोन आला. तिची आई झोपेत गेली. विमानांची जोडणी बघेपर्यंत दफनाची वेळ ठरून गेली होती. पोचणं शक्यच नव्हतं. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, स्वतःच्या गाडीत बसून, फोन स्टिअरिंगला टेकवून तिने दफन पाहिलं. मी शेजारच्या सीटवर. चित्र मधूनच गोठायचं. माती पडायला लागली तेव्हा गोठलं ते पुन्हा हललं नाही.

तिने फोन पालथा ठेवला. म्हणाली, "शनिवारचं ठरल्याप्रमाणे करायचं."

"तुला झेपेल?"

"माझ्या घरात माणसं मावणार नाहीत. हॉल आहे, पडदा आहे, आई पडद्यावर आहे. तुझ्या बायका येतील, बसतील, आईबद्दल बोलतील. मला दुसरं काही नको. एवढं झालं की ती गेली असं मी म्हणेन."

मी घरी येऊन ग्रुप उघडला तर मेसेज आधीच पडलेला. मंडळाच्या अध्यक्ष ताईंनी लिहिलं होतं की दुःखद बातमीमुळे आणि कुटुंबाच्या भावनांचा आदर राखून शनिवारचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे, कृपया कुणी फोन करून त्रास देऊ नये. खाली जोडलेले हात. मी लिहिलं, कार्यक्रम होणार आहे, तिची तशी इच्छा आहे. माझ्या खालीही जोडलेले हातच आले. मग मी ताईंना फोन लावला.

"ताई, तिनेच सांगितलंय. कार्यक्रम ऑन आहे."

"अगं, ती म्हणणारच. लोकांनी हीप्स ऑफ तयारी केलीये, तिला ऑकवर्ड वाटत असणार. आपण समजून घ्यायचं असतं."

"त्यांच्यात सुतक नसतं, ताई. त्यांच्यात लोक जमतात."

"जमू देत ना त्यांचे लोक. आपण काय सुतकात शाल घालायची तिला? समोसे खायचे? आई गेलीये गं तिची." ताईंचा आवाज खरोखरच भरून आला होता. "तेरावा होऊ दे. आपण सगळ्या जाऊ, नीट जाऊ."

ताई वाईट नाहीत. बाबांच्या वेळी दाराशी सर्वांत जास्त डबे त्यांचेच होते. म्हणूनच मला भांडता येईना. दुष्ट माणसाशी मी छान भांडते, चांगुलपणाशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नाही. मी एकेकीला फोन केले. "ताईंनी कॅन्सल सांगितलं ना?" "मला नाही बाई बघवणार तिच्याकडे." "बघते, जमलं तर येते." बघते म्हणजे नाही, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

शनिवारी मी दाण्याचं कूट घालून पालकाची भाजी केली आणि पातेलं घेऊन हॉलवर गेले. काळी कापडं लागली होती. खुर्च्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मांडलेल्या, पुढे स्टँडवर माइक. तिने आईचं रंगीत कापड कमरेला गुंडाळलं होतं. चर्चमधल्या बायका पडद्याजवळ जमिनीवर चटया टाकून बसल्या होत्या. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

"तुझ्या बायका?" तिने विचारलं.

मी फोनवर तिला सगळं सांगितलं होतं, तरी तिने विचारलं. माणूस सांगून ऐकत नाही अशी वेळ असते. "येतील असं वाटत नाही," मी म्हणाले.

"थांबू या थोडं. पार्किंग मिळत नसेल."

बाहेर अख्खं पार्किंग मोकळं होतं. ती दाराशी उभी राहिली. एखादी गाडी रस्त्यावरून हळू झाली की मान वर करायची. चर्चमधल्या बायका हलक्या आवाजात गात होत्या. हॉल ठराविक वेळेपुरताच मिळाला होता, शेवटी त्यांच्यातली एक वयस्क बाई उठली, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला आत घेऊन आली.

ती पडद्यासमोर उभी राहिली. स्वतःचं नाव तिने सांगितलंच नाही. आईचं पूर्ण नाव सांगितलं आणि आमच्याकडून म्हणून घेतलं. मूठभर आवाज त्या हॉलमध्ये कुठल्या कुठे विरून गेले. तिने पुन्हा म्हणायला लावलं नाही.

सिनेमा मी आधी पाहिला नव्हता. बागेतला बाक, त्यावर नऊवारी नाही की काही नाही, आमच्या आया-सासवा कार्डिगन आणि बुटांमध्ये, आणि त्यांच्या मधोमध तिची आई. कॅमेरा तिच्या हातांवर फार वेळ राहतो. खलबत्त्यात दाणे कुटताना ती काहीतरी गुणगुणते आणि माझी आई चुकीच्या ठिकाणी टाळी देते. मग त्या लेकीसुना न्यायला येतात, एकेक जण पडद्यावर. ती दारात उभी राहून प्रत्येकीला हाक मारते, विहीणबाई, विहीणबाई. पडद्यावर त्या सगळ्या होत्या. मी मागे वळून खुर्च्यांकडे पाहिलं आणि मला संताप अनावर झाला, आणि लगेच रडू आलं.

दिवे लागल्यावर एकेकीने माइकवर येऊन तिच्या आईबद्दल बोलायचं होतं. चर्चमधल्या बायका बोलल्या, प्रेमाने बोलल्या, पण त्यांनी तिच्या आईला थोड्याच रविवारी पाहिलेलं. मी उभी राहिले. जे आठवलं ते सगळं बोलले, पालकाची भाजी, डेअरी, खलबत्ता. माझं बोलून संपल्यावर मैत्रीण माझ्या मागे बघत राहिली, अजून कुणी उठतंय का म्हणून.

खुर्च्या एकावर एक रचताना तिने मला विचारलं, "त्यांना माझी आई आवडली नव्हती का?"

मी सुतक समजावून सांगायला लागले. आमच्यात मृत्यू झाला की समारंभ करत नाहीत, लोक आदराने दूर राहतात, त्यांना तुझी काळजीच होती. पेशंट काय सांगतोय ते ऐकतात तसं तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आदराने," ती म्हणाली. हातातली खुर्ची खाली ठेवली. "तेवढंच कारण? तुला खात्री आहे?"

मला पटकन 'हो' म्हणायचं होतं. पण मधे ते सँडरिंगहॅमचं दुकान आलं, 'त्या आफ्रिकन लोकांच्या पिक्चरमधलं' आलं, आणि माझा 'हो' निघायला उशीर झाला. तो उशीर तिने ऐकला. आम्ही उरलेल्या खुर्च्या उचलल्या.

तेरावा उलटल्यावर मंडळातल्या बायका तिच्या घरी गेल्या, सगळ्या एकत्र, नीट. मीही गेले. डबे टेबलावर मावेनात. तिने सगळ्यांना बसवलं, चहा केला. आणि मग त्या बोलायला लागल्या. एकीचं पोटदुखीने किंचाळणारं बाळ मैत्रिणीच्या आईने पाठीला कापडाने बांधलं आणि अंगणात फेऱ्या घालून झोपवलं होतं. एकीच्या सासूने घरी कधी हसू दाखवलं नाही, ती मैत्रिणीच्या आईच्या चालण्याची नक्कल करून दाखवायची. एकीला नोकरी गेल्याचं घरी सांगायचा धीर होत नव्हता, ते तिने आधी त्या बाईंना मराठीत सांगितलं होतं. सांगताना ती ढसढसा रडली. खोटं काही नव्हतं त्यात. माझी मैत्रीण प्रत्येकीकडे बघत ऐकत होती, चहाचा कप तसाच हातात.

तेवढ्यात ताईंनी विषय काढला. तिचा सिनेमा त्या परदेशी महोत्सवात निवडला गेल्याची बातमी त्याच आठवड्यात आली होती. ताई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता आपण इथे मोठा कार्यक्रम करू. तुझा सत्कार करू. तारीख सांग, हॉल फुल करायची जबाबदारी माझी."

तिने हात सोडवून घेतला नाही. हळू आवाजात म्हणाली, "ते झालं. आईला आम्ही त्या शनिवारी निरोप दिला. आत्ता जे सगळ्या बोललात ना, त्यासाठीच मी माइक लावून ठेवला होता."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी तिचं म्हणणं त्यांना मराठीत समजावून सांगावं म्हणून. इंग्रजी ताईंना माझ्यापेक्षा चांगलं येतं.